अर्जदार राजाच्या मुलखात

भाड्याच्या गाडीचा करार निनादने काउंटरवर उभं राहून अख्खा वाचला. मागे सात-आठ माणसांची रांग. निनाद म्हणजे माझा मेहुणा, पेशाने वकील, तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे पर्थला आला होता आणि छापील काहीही दिसलं की खालच्या बारीक अक्षरापासून वाचायला सुरुवात करायचा.

"दाजी, इथे लिहिलंय, पश्चिम ऑस्ट्रेलियात कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही. नेली तर भुर्दंड."

"सही कर आणि चल."

"सही तुमची आहे. गाडी तुमच्या नावावर आहे."

मी सही केली. आम्हाला जायचं होतं हट रिव्हरला, म्हणजे एका शेतकऱ्याने ऑस्ट्रेलियातून फुटून काढलेल्या स्वयंघोषित देशात, आणि शेवटचा रस्ता कच्चाच आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

२०१५ च्या सप्टेंबरमधला शेवटचा शनिवार-रविवार, सोमवारी राणीच्या वाढदिवसाची सुट्टी. एलिझाबेथ राणीचा खरा वाढदिवस २१ एप्रिल. पण साजरा कधी करायचा हे ऑस्ट्रेलियातलं प्रत्येक राज्य आपापल्या सोयीने ठरवायचं आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाने तो सप्टेंबरात नेऊन ठेवला होता. ती २१ एप्रिल तारीख जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पर्थहून जेराल्डटन सव्वाचारशे किलोमीटर. त्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. डावीकडे कुठेतरी समुद्र असतो पण दिसत नाही, आणि समोरून तीन-तीन डबे जोडलेले ट्रक आले की गाडी कागदासारखी हलते. जेराल्डटनच्या अलीकडे ग्रीनो गावापाशी मात्र थांबलो. तिथली निलगिरीच्या जातीची झाडं समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने पार आडवी झाली आहेत. खोड जमिनीतून वर येतं, कमरेत वाकतं आणि उरलेलं सगळं झाड जमिनीला समांतर वाढतं. बायको म्हणाली, "नमस्कार करायला वाकलं आणि उठायचं विसरलं." मला ते नमस्कार करणारं वाटलं नाही. वारा हटत नाही आणि झाड मरत नाही, अशा भांडणातली तडजोड वाटली.

जेराल्डटनला मुक्काम केला. सकाळी नॉर्थहॅम्प्टन मागे टाकलं की दोन्ही बाजूंना गहू सुरू होतो. नुसता गहू. सप्टेंबरात तो हिरव्याचा पिवळा होत असतो. मग डांबर संपलं. बायकोने गाडी हळू घेतली, तांबडी धूळ मागच्या काचेवर बसत गेली आणि निनाद मागच्या सीटवरून दर पाच मिनिटांनी "करारभंग चालू आहे" अशी आठवण देत राहिला.

सरहद्द म्हणजे एक पाटी. तारेचं कुंपण अलीकडे होतं तसंच पलीकडे. पुढे नेन नावाची 'राजधानी' आली: काही बसकी घरं, पोस्ट ऑफिस, छोटं प्रार्थनामंदिर, आणि उघड्यावर मांडलेलं राजाचं प्रचंड दगडी डोकं. नुसतं डोकं, धड नाही. देशाचं क्षेत्रफळ ७५ चौरस किलोमीटर. ऐकायला थोडं वाटतं, पण संयुक्त राष्ट्रांत बसणारं सान मारिनो ६१ चौरस किलोमीटरचं आहे.

राजे पोस्टाच्या काउंटरमागे उभे होते.

प्रिन्स लिओनार्ड. पूर्वाश्रमीचे लिओनार्ड जॉर्ज कॅसली, जन्म २८ ऑगस्ट १९२५, सोन्याच्या खाणींच्या कालगुर्ली गावचे. म्हणजे आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधी त्यांना नव्वदी पूर्ण झाली होती. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, मग पर्थच्या एका जहाज कंपनीत नोकरी, दुसऱ्या महायुद्धात विमानदलात, आणि पुढे इथे गव्हाची शेती. अंगावर कोट, चेहऱ्यावर जुन्या हेडमास्तरांचा भाव. राणी शर्ली दोन वर्षांपूर्वी, २०१३ च्या जुलैत गेल्या होत्या. थोडे डॉलर व्हिसाचे घेतले, आणि आमच्या पासपोर्टांवर शिक्का मारण्याआधी त्यांनी तो एका रद्दी कागदावर उमटवून पाहिला. शाई नीट उठली नव्हती. पुन्हा पॅडवर दाबला, पुन्हा पाहिला, मग माझ्या पासपोर्टवर दोन्ही हातांनी मारला. हात किंचित थरथरत होते, शिक्का सरळ उमटला.

निनादने पासपोर्ट दिलाच नाही. मान्यता नसलेल्या देशाचा शिक्का खऱ्या पासपोर्टवर नको, असं त्याचं म्हणणं. त्याला कोऱ्या कागदावर मिळाला.

मग राजांनीच आम्हाला आत नेलं आणि गोष्ट सांगितली. ती त्यांनी हजारो लोकांना सांगितली असणार, पण नव्वदीतला माणूस तारखा न चुकता सांगत होता.

१९६९ मध्ये जगात गहू फार झाला म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने गव्हाचा कोटा ठरवला. कॅसलींचं जवळपास ४,००० हेक्टरवरचं पीक कापणीला आलेलं, आणि हातात कोटा आला १,६४७ बुशेलचा. बुशेलचे साधारण २७ किलो धरले तर ४५ टन भरतात. म्हणजे सुमारे ४० हेक्टरचा गहू विकायचा आणि बाकीच्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. इथवर ही कुठल्याही शेतकऱ्याची गोष्ट आहे. पेरायचं त्याने आणि किती विकायचं ते ठरवणार ऑफिसातला माणूस, कापणी तोंडावर आल्यावर.

पुढची मात्र कुठल्याही शेतकऱ्याची नाही. नदीकाठच्या पाच कुटुंबांनी एकजूट केली. कॅसलींनी आधी गव्हर्नरकडे तक्रार केली. नकार आला. मग ५ कोटी २० लाख डॉलरच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. त्यानंतर दोन आठवड्यांत सरकारने जमिनी ताब्यात घेता येतील असं विधेयक आणलं. तेव्हा कॅसली म्हणाले की आमचं सरकार आमची जमीन आणि उपजीविका दोन्ही हिसकावणार असेल, तर आंतरराष्ट्रीय कायद्याने आम्हाला वेगळं होता येतं. आणि २१ एप्रिल १९७० ला वेगळे झाले. राणीच्या खऱ्या वाढदिवशी! वर भांडण ऑस्ट्रेलियाच्या सरकारशी, राणीशी नाही, राणीचे आम्ही निष्ठावंतच, ही भूमिका शेवटपर्यंत.

भिंतीवर चौकटीत लावलेल्या पत्रांपाशी निनाद अडकला. देवळात एखाद्या मूर्तीपुढे माणूस उभा राहतो तसा. गव्हर्नर-जनरलच्या कार्यालयातून कॅसलींना आलेल्या एका उत्तरात त्यांचा उल्लेख 'हट रिव्हर प्रांताचे प्रशासक' असा झाला होता. कुणा कारकुनाने कॅसलींनी पत्राखाली लिहिलेलं पद जसंच्या तसं उतरवलं असावं. कॅसलींनी त्यावर बोट ठेवलं: राणीच्या प्रतिनिधीने मला प्रशासक म्हटलं, म्हणजे प्रांत आहे हे मान्य केलं.

"दाजी," निनाद हळूच म्हणाला, "हे सगळं राज्य पोच पावतीवर उभं आहे."

यानंतरचा डाव तर मला अजून पटत नाही आणि तरी हसू आवरत नाही. पंतप्रधान विल्यम मॅकमहन यांनी खटला भरण्याची धमकी दिली. कॅसलींनी १४९५ सालचा, सातव्या हेन्रीच्या काळातला राजद्रोहाचा कायदा शोधून काढला. प्रत्यक्ष गादीवर असलेल्या राजाची चाकरी करणाऱ्याला पुढे राजद्रोही ठरवता येणार नाही, असा त्याचा मूळ हेतू. इंग्लंडमध्ये गादी सारखी इकडून तिकडे जात होती तेव्हाची सोय ती. कॅसलींनी त्यातून काढलेला अर्थ असा, की मी स्वतःच राजा झालो तर मला हात लावणाराच राजद्रोही. म्हणून प्रशासकाचे प्रिन्स झाले. हौस म्हणून नव्हे, कलम म्हणून! सरकारने दोन वर्षांत रीतसर हरकत घेतली नाही, तेव्हा २१ एप्रिल १९७२ पासून आपण आपोआप स्वायत्त झालो, हाही त्यांचाच हिशोब.

युद्धाचंही तेच. १९७६ मध्ये टपाल खात्याने हट रिव्हरची पत्रं घ्यायला नकार दिला, तेव्हा डाक कॅनडामार्गे फिरवली. करखात्याचा तगादा थांबेना म्हणून २ डिसेंबर १९७७ ला ऑस्ट्रेलियाशी युद्ध पुकारलं. गोळी सुटली नाही, सैन्यच नव्हतं. काही दिवसांनी गव्हर्नर-जनरलना कळवलं की युद्ध थांबवलंय, आणि जोडीला जिनिव्हा कराराचा दाखला दिला: युद्धात न हरलेल्या देशाचं सार्वभौमत्व मान्य करावंच लागतं. टपाल पुन्हा सुरू झालं.

बायको या सगळ्यात फारशी रमली नाही. तिने नाणी पाहिली, तिकिटं पाहिली. इथला डॉलर ऑस्ट्रेलियन डॉलरच्याच भावाचा. मग प्रार्थनामंदिराच्या सावलीत जाऊन बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आजोबा गोड आहेत. पण हे पासपोर्ट विकतात ना?" तिचा प्रश्न रास्त होता. जगभर हजारो लोकांनी इथलं नागरिकत्व घेतलं होतं, प्रत्यक्ष राहणारे मात्र विसेक. हट रिव्हरचा पासपोर्ट युरोपीय संघाच्या 'काल्पनिक पासपोर्टां'च्या यादीत होता. हौशी माणसाने पदव्या आणि तिकिटं घेतली तर गंमत, पण अडलेल्या माणसाने तो पासपोर्ट खरा समजून घेतला तर ती गंमत राहत नाही. राजांना मी हे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. नव्वदीतला माणूस स्वतः हिंडून सगळं दाखवतोय म्हटल्यावर जीभ रेटली नाही.

मला एवढंच वाटलं की हा माणूस वेडा नव्हता. स्वतःला राजा म्हणवणारे वेडे असतात असं आपण धरून चालतो. हा अर्जदार होता. प्रत्येक गावात असा एक असतो, ज्याच्याकडे १९७० पासूनच्या प्रत्येक पत्राची नक्कल आणि जावक क्रमांक असतो आणि ज्याला पाहून साहेब मागच्या दाराने निघून जातात. कॅसलींच्या फायलीला फक्त झेंडा लागला होता.

आमची भेट झाली त्यानंतर दीड वर्षाने, २०१७ च्या फेब्रुवारीत, त्यांनी गादी धाकट्या मुलाला, ग्रेमला दिली. त्याच जूनमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने करखात्याच्या बाजूने निकाल दिला: लिओनार्ड यांनी सुमारे २७ लाख डॉलर भरावेत, मुलगा आर्थर यांनी २ लाख ४२ हजार. न्यायमूर्तींचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या घरात कुणीही स्वतःला राजा म्हणवून घ्यावं, पण देशाचे कायदे टाळता येणार नाहीत आणि करही. निनादने तिकडून निकालपत्र शोधून वाचलं आणि मला फोन केला. पक्षकाराचं नाव साधं 'कॅसली' असं आहे, हे त्याला लागलं होतं. १३ फेब्रुवारी २०१९ ला राजे वारले. २०२० च्या सुरुवातीला सरहद्द पाहुण्यांना बंद झाली, मग करोना आला, आणि ३ ऑगस्ट २०२० ला ग्रेमने राज्य विसर्जित केलं. कराचं देणं फेडायला जमीन विकायला काढली. बरोबर पन्नास वर्षं आणि काही महिने.

पण त्या रविवारी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. परत जाताना पोर्ट ग्रेगरीजवळ हट लगूनला थांबलो. हट हे नाव एका ब्रिटिश खासदाराचं, १८३९ मध्ये जॉर्ज ग्रे इथून गेला तेव्हा त्याने दिलेलं. खाऱ्या पाण्यातल्या एका सूक्ष्म शेवाळामुळे ते सरोवर चक्क गुलाबी असतं. त्या शेवाळातून गाजरात असतं तेच रंगद्रव्य काढायचा कारखानाही काठावर आहे. मी पंधरा-वीस फोटो काढले. एकाही फोटोत तो रंग खरा वाटत नाही.

सोमवारी संध्याकाळी गाडी परत करायला गेलो. जेराल्डटनला धुवायची ठरली होती, राहून गेली. काउंटरवरची मुलगी बाहेर आली, चाकांच्या वरच्या कमानीत बोट फिरवलं, तांबडं झालेलं बोट बघितलं आणि हसून विचारलं, कच्च्या रस्त्यावर नेली होती का?

मी निनादकडे पाहिलं. तो याच क्षणाची दोन दिवस वाट पाहत होता. खिशातून त्याने शिक्क्याचा कागद काढला, घडी उलगडून बॉनेटवर ठेवला, आणि अदालतीतल्या आवाजात सांगितलं की करारात मनाई आहे ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कच्च्या रस्त्यांना, आणि ही धूळ त्या हद्दीतली नाही. पुरावा समोर आहे.

तिने कागद हातात घेतला. शिक्का नीट वाचला, अगदी तारखेसकट. "ओह, प्रिन्स लिओनार्ड!" म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखर उजळला. लहानपणी आईवडिलांबरोबर जाऊन आली होती म्हणे. तो दगडी मुंडक्याचा पुतळा अजून आहे का, तेही विचारलं. आहे म्हटलं.

मग कागद तिने आमचा आम्हाला परत दिला, आत गेली आणि साफसफाईच्या साठ डॉलरचं बिल छापून आणलं.