आभाळातली रांग आणि पार्ल्यातले प्रश्न

सुट्टीत मुंबईला आले की यंदा जो तो एकच विचारतो: उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला लिलावाशिवाय स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, कसा काय? पार्ल्याच्या आत्यापासून चर्चगेटच्या आमच्या लॉ कॉलेजातल्या मुलांपर्यंत सगळ्यांना यात काहीतरी काळंबेरं दिसतंय. मी वॉशिंग्टनला उपग्रह कंपन्यांची वकिली करते, तेव्हा उत्तर माझ्या खिशातच असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं.

शंका रास्तच आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले आणि ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या पद्धतीचे वाभाडे काढले. आमच्या पिढीचे वकील तो निकाल घोकून मोठे झाले. त्यामुळे आभाळातला बराचसा कारभार याच पद्धतीने चालतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही, हे तिकडे कळल्यावर मी चक्रावलेच.

आत्याच्या शेजारचे काका विदेश संचार निगममधून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं त्यांनी आर्वीच्या उपग्रह भूकेंद्रावर काढली. त्यांनी थेट मुद्द्यालाच हात घातला: “अगं, पण पहिला कोण आला, हे ठरवतं कोण?”

जिनिव्हातली आयटीयू, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. ही संस्था १८६५ ची, म्हणजे तारेच्या जमान्यातली. भारत १८६९ पासून तिचा सदस्य आहे. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह एका जागी स्थिर दिसतो, म्हणून त्या कक्षेतल्या जागांना मागणी फार. कंपनी आपल्या देशामार्फत अर्ज करते. ज्याचा अर्ज आधी, त्याच्या लहरींना त्रास होणार नाही अशी व्यवस्था मागून येणाऱ्याने करायची. आता यात चर्चगेटच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकणारे निघणार नाहीत, असं होईल का? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टोंगा या चिमुकल्या देशाने १६ जागांवर हक्क सांगितला. २०२१ मध्ये रवांडाने खालच्या कक्षांतल्या ३ लाख २७ हजारांहून जास्त उपग्रहांसाठी अर्ज टाकला. शेवटी आयटीयूच्या २०१९ च्या परिषदेत अशा उपग्रहसमूहांसाठी टप्पे ठरले: अर्जानंतरची पहिली सात वर्षांची मुदत संपल्यावर दोन वर्षांत १० टक्के, पाच वर्षांत ५० टक्के आणि सात वर्षांत सगळे उपग्रह वर हवेत, नाहीतर हक्काला कात्री. काका म्हणाले, “म्हणजे पैसेवाल्यांचंच फावणार.” मला हे खोडून काढता आलं नाही. उशिरा आलेल्या गरीब देशांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, हे माझंही मत आहे, माझे पक्षकार काहीही म्हणोत.

मग लिलाव का नाही? मोबाइलचा स्पेक्ट्रम एका भागात एकाच कंपनीच्या मालकीचा असल्यासारखा असतो. उपग्रहांचं तसं नाही; आपसात समन्वय साधून त्याच लहरी अनेक कंपन्या वापरू शकतात. एकाला विकून टाकलं की बाकीच्यांना दार बंद. म्हणून २०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रह सेवांसाठी स्पेक्ट्रम प्रशासकीय पद्धतीने, म्हणजे लिलावाऐवजी सरकारने थेट, द्यायची सोय ठेवली. याचा अर्थ फुकट नव्हे: मे २०२५ मध्ये ट्राय या आपल्या दूरसंचार नियामक संस्थेने कंपनीच्या समायोजित महसुलाच्या ४ टक्के आकाराची शिफारस केली. लिलाव न करणं मला पटतं. पण कुणाला, कोणत्या अटींवर, कोणाशी बोलून दिलं, हे सगळं उघड्यावर हवं.

या बाबतीत तिकडची एक गोष्ट मला खरंच आवडते. एफसीसी ही तिथली दूरसंचार नियामक संस्था, १९३४ च्या कायद्याने जन्मलेली. नवा नियम करायचा तर ती आधी मसुदा लोकांपुढे ठेवते. त्यावर कुणीही लेखी म्हणणं मांडू शकतं, अगदी तुम्हीसुद्धा. आणि नियम ठरत असताना आम्ही एखाद्या अधिकाऱ्याला भेटलो, तर कोण भेटलं, काय बोलणं झालं, याचं पत्र जाहीर नोंदीत टाकावं लागतं. मंत्रालयातल्या भेटीगाठींची अशी पत्रं निघू लागली तर काय बहार येईल! (तिकडचे वकील ती पत्रं इतकी गुळमुळीत लिहितात की वाचून जांभई यावी. माझा हातही त्यात बऱ्यापैकी बसलाय.)

रॉकेटं? ती मी टीव्हीवरच बघते, तुमच्यासारखी. माझ्या टेबलावर असतात कागद: ही फ्रिक्वेन्सी त्या उपग्रहाला बाधते का, निकामी उपग्रह कधी खाली आणणार. खालच्या कक्षेतला उपग्रह काम संपल्यावर २५ वर्षांत उतरवावा, असा पूर्वी संकेत होता. २०२२ मध्ये एफसीसीने ती मुदत पाच वर्षांवर आणली. पुढच्याच वर्षी डिश कंपनीला दीड लाख डॉलरचा दंड झाला. त्यांचा जुना उपग्रह त्या उंचावरच्या स्थिर कक्षेतला; तो खाली आणायचा नव्हता, तर निवृत्तीनंतर ३०० किलोमीटर वर सरकायला हवा होता, पण इंधन कमी पडून तो १२२ किलोमीटरवरच राहिला. अवकाशातल्या कचऱ्यासाठी एफसीसीने केलेला हा पहिला दंड. रक्कम फुटकळ, पण त्यानंतर इंधनाच्या हिशेबाकडे वकीलही बघू लागले.

कॉलेजातल्या मुलांना मात्र एक गोष्ट मी स्पष्टच सांगितली. अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे उपग्रहांची बरीचशी तांत्रिक कागदपत्रं परदेशी माणसाला परवान्याशिवाय दाखवता येत नाहीत. एच-वन-बीवर असाल तर काही बैठका सुरू झाल्या की तुम्ही बाहेर. ग्रीन कार्ड मिळालं की ही अडचण संपते, पण भारतीयांची त्याची रांग ठाऊकच आहे. वाद, परवाने, स्पेक्ट्रम यांचं काम मात्र अडत नाही. अवकाश कायदा शिकायला लायडन, मॅकगिल, नेब्रास्का चांगली आहेत, पण आधी प्रशासकीय कायदा पक्का करा आणि टीडीसॅटचे, म्हणजे आपल्या दूरसंचार न्यायाधिकरणाचे, निकाल वाचा. शिवाय आपल्याकडे अवकाशाचं धोरण २०२३ मध्ये आलं असलं तरी सर्वंकष कायदा अजून व्हायचाय. तो लिहायला दिल्लीत आणि खासगी अवकाश कंपन्यांना परवानग्या देणाऱ्या अहमदाबादच्या इन-स्पेसमध्ये माणसं लागतीलच. तरीही नेब्रास्काला जायचंच असेल, तर स्वेटर मुंबईत घेऊ नका. तिथल्या थंडीत त्याचा काही उपयोग नाही.