आमची वाटचाल : दोन जुन्या भागांमधला तुकडा

आमचा कारखाना लहान आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात एका औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा, दोन सीएनसी मिलिंग मशीन, एक म्हातारं पण नेकीचं लेथ, कोपऱ्यात वेल्डिंग आणि माझ्यासकट सहा माणसं. हॉट रॉडसाठी लागणारे ब्रॅकेट, इंजिन माउंट आणि अडॅप्टर प्लेट आम्ही बनवतो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो. मग समजावतो : साधारण १९४० च्या आधीची जुनी अमेरिकी गाडी घ्यायची, नको ते वजन उतरवायचं, तिला जमिनीजवळ आणायचं आणि पोटात तिच्या ताकदीबाहेरचं इंजिन बसवायचं. या वेडावर सहा घरं चालतात. ती ज्याच्यामुळे चालतात तो आमचा मित्र गेल्या वर्षी गेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आपल्या एकाही गाडीवर त्याने कधी स्वतःचं नाव घातलं नव्हतं, तर मी कशाला घालू?

धंदा सुरू केला तेव्हा आम्ही मिळेल ते जॉब करायचो. पॅकिंग मशीनचे सुटे भाग, पंपाच्या फ्लँज, कुणाच्या तरी कन्व्हेयरचे स्टँड. ड्रॉइंग यायचं, माल जायचा, त्याचं पुढे काय झालं ते कळायचं नाही. २००८ च्या मंदीत आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर थांबवल्या आणि झालेल्या कामाचे पैसेही लांबवले. त्या काळाबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. मशीन उभी होती आणि हिशेब बघणारी माझी बायको रात्री उशिरापर्यंत जागी असायची.

तोवर हा मित्र आमच्याकडे अधूनमधून येणारा किरकोळ गिऱ्हाईक होता. खाकी पुठ्ठ्याचा कापलेला नमुना घेऊन यायचा, त्यावर पेन्सिलने भोकांच्या खुणा. संगणकावरचं ड्रॉइंग त्याने कधी आणलं नाही. त्याचं पहिलं मोठं काम होतं फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनाला टी-५ गिअरबॉक्स जोडायचं. फ्लॅटहेड १९३२ साली आलं, २२१ घनइंचाचं, ६५ अश्वशक्तीचं. सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडर देणारं ते पहिलं गाजलेलं इंजिन, आणि अमेरिकेत ते १९५३ पर्यंत फोर्डमध्ये बसत राहिलं. टी-५ हा त्याच्या कितीतरी नंतरचा पाच गिअरचा खोका. शेवरोलेच्या एस-१० या छोट्या पिकअपमधला टी-५ हॉट रॉडवाले मुद्दाम शोधतात, कारण त्याचा गिअरचा दांडा पुढच्या बाजूला असतो आणि जुन्या अरुंद गाडीत तो बरोबर हाताशी येतो.

इंजिन एका जमान्याचं, गिअरबॉक्स दुसऱ्या. दोघांची भोकं जुळत नाहीत, शाफ्टची लांबी जुळत नाही. मधे एक प्लेट लागते. दिसायला जाड ॲल्युमिनियमचा तुकडा, पण इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत ठेवायची जबाबदारी त्या तुकड्यावर. डायल गेज लावून क्रँक फिरवला की काटा एकूण ०.००५ इंचाच्या आत राहिला पाहिजे, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. त्याबाहेर गेला तरी गाडी चालते, हीच त्यातली लबाडी. मग काही महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतं, क्लच चरतो, गिअर आपोआप सुटतो, आणि मालक खापर फोडतो गिअरबॉक्सवर.

त्या प्लेटचं काम चालू असताना तो दिवसभर मशीनशेजारी उभा राहायचा. आमच्या माणसांना आधी त्याचा राग यायचा. नंतर तो आला नाही की तेच विचारायला लागले.

मंदीत त्यानेच सुचवलं की ही प्लेट एकट्या त्याच्यासाठी बनवू नका, यादीत घाला. मला पटत नव्हतं. असं किती लोकांना लागणार? त्यावर त्याने विक एडलब्रॉकची गोष्ट सांगितली. एडलब्रॉक गॅरेज चालवायचा. १९३८ च्या सुमाराला स्वतःच्या १९३२ च्या फोर्ड रोडस्टरसाठी त्याने नवा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरना हवा-पेट्रोल वाटणारा नळ्यांचा भाग, केला, शर्यतीत लोकांनी तो पाहिला आणि मागायला लागले. त्यातून पुढे मोठी कंपनी उभी राहिली. एड इस्केंडेरियन दुसऱ्या महायुद्धातून परतला आणि कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, ग्राइंड करायला लागला, तीही तीच कथा. १९६३ साली या मंडळींनी सेमा ही उत्पादकांची संघटना काढली, तेव्हा सभासदांत बहुतेक असेच गॅरेजातून वर आलेले. आधी स्वतःची अडचण, मग शेजाऱ्याची, मग कॅटलॉग. हा इतिहास त्याला तोंडपाठ होता आणि तो सांगताना इंजिनाचे घनइंच चुकलेले त्याला खपायचे नाहीत.

यादीतली दुसरी वस्तूही त्याचीच. शेवरोलेची व्हेगा ही सत्तरच्या दशकातली छोटी गाडी. गंजायची, इंजिन तापायचं, लोकांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. पण तिचा स्टिअरिंग बॉक्स छोटा आणि हलका. सरळ अॅक्सलच्या हॉट रॉडमध्ये चॅसीच्या आत मावतो आणि ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा, आडवी टाकता येते. गाडी भंगारात गेली, बॉक्स अमर झाला. आता तर तो नवीनही बनवून विकतात. त्याला ३२ च्या फोर्डच्या चॅसीवर धरणारं ब्रॅकेट आम्ही बनवतो, आणि आजही आमचा सर्वांत जास्त माल तोच जातो.

मोठेपणा सांगायचा म्हणून सांगत नाही, पण तो सवलत घ्यायचा नाही. एवढं आमच्यासाठी करतोस तर बिल राहू दे म्हटलं की चिडायचा. कधी हात आखडला तर भंगारातून काढलेला गिअरबॉक्स आणून ठेवायचा आणि तो पैशांच्या जागी धरायला लावायचा. बायकोच्या वहीत त्या खोक्यांचं वेगळं पान आहे.

गाड्यांबद्दलची त्याची मतं कडक होती, काही मला आजही पटत नाहीत. नवी फायबरग्लासची बॉडी त्याला चालायची नाही. पत्र्याचा खड्डा हातोडी आणि डॉलीने (मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) ठोकून, कानस मारून सपाट करायचा, पुट्टी लावणं म्हणजे त्याच्या मते थाप मारणं. मला वाटतं, नोकरी करून शनिवार-रविवारी गाडी बांधणाऱ्याने थोडी पुट्टी वापरली तर काही बिघडत नाही. प्रदर्शनात दोऱ्यांच्या आत उभ्या केलेल्या गाड्यांकडे तो बघायचासुद्धा नाही. त्याची जागा एल मिराज. मोहावे वाळवंटातल्या त्या कोरड्या तळ्यावर अजून वेगाच्या शर्यती होतात. भरवणारी संघटना १९३७ साली स्थापन झाली, तेव्हा मुख्य मैदान म्युरॉकचं होतं. तिथे आता एडवर्ड्स हवाई तळ आहे. आम्हा सगळ्यांना तो तिथे घेऊन गेला. पांढऱ्या धुळीत आमच्या ब्रॅकेटवर भरवसा ठेवून माणूस गाडी पळवतोय, हे आमच्या वेल्डरने पहिल्यांदा पाहिलं. कन्व्हेयरच्या स्टँडने ते कधी दाखवलं नव्हतं. परतल्यावर त्याने न सांगता आपली वेल्डिंगची टेबलं झाडून पुसून ठेवली.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र तो आमच्याइतकाच हतबल. स्वतः बांधलेल्या गाडीची नोंदणी करायची, तर धुराची अट इंजिन ज्या सालचं आहे किंवा गाडी ज्या सालासारखी दिसते त्याप्रमाणे लावून घेण्याची सोय कॅलिफोर्नियात आहे, पण ती दर वर्षी पहिल्या ५०० अर्जांनाच मिळते. त्यासाठी जानेवारीत डीएमव्ही, म्हणजे वाहन नोंदणीचं सरकारी ऑफिस, उघडण्याआधी रांग लावायची. गिऱ्हाइकांना आम्ही ब्रॅकेटसोबत हाही सल्ला देतो, फुकट.

आजार कळल्यावर त्याने कामाचा वेग वाढवला वगैरे काही झालं नाही. उलट तासन् तास खुर्चीत बसून तो पुठ्ठे कापायचा. गेल्यावर त्याच्या बायकोने आम्हाला बोलावलं. गॅरेजमध्ये अर्धी गाडी होती : मॉडेल ए कूपेची बॉडी, खाली ३२ ची चॅसी. ही जोडी जुनी आहे, कारण ३२ च्या चॅसीचा बाजूचा पट्टा उघडा दिसायलाच बनवलेला आणि मॉडेल एच्या अंगाखाली तो शोभतो. सोबत खोकीभर पुठ्ठ्याचे नमुने, प्रत्येकावर गाडी आणि बाजू लिहिलेली. त्यातले काही आम्ही स्कॅन करून ड्रॉइंगमध्ये उतरवले आहेत. काही कुठे बसतात ते अजून उमगलेलं नाही.

तिने गाडी विकायला नकार दिला. पूर्ण करा, पण प्रदर्शनासाठी नको, मला चालवायची आहे, असं तिने बजावलं. तेव्हा गाडी आमच्या गाळ्यात आली. छप्पर कापून किती बुटकं करायचं, याबद्दल त्याने खिडकीच्या खांबांवर दोन वेगवेगळ्या रेषा मारून ठेवल्यात. वेल्डरने वरची रेष पकडली, कारण त्याच्या बायकोची उंची खालच्या रेषेत बसत नव्हती. इंजिन सुरू झालंय. फ्लॅटहेडचा जुना दोष मात्र हजर आहे : धूर ब्लॉकमधूनच बाहेर पडतो आणि मधल्या दोन सिलिंडरना एकच वाट, त्यामुळे ब्लॉक तिथेच तापतो. रेडिएटर मोठा टाकायचा की पंखा बदलायचा, यावर कारखान्यात दोन तट पडलेत. मी रेडिएटरच्या बाजूने आहे. माझी बायको विचारते, हा खर्च कोणत्या पानावर लिहू.