परवाची मुलाखत

रात्रीचे साडेअकरा.

इंटरव्ह्यू परवा आहे. आज दिवसभर अभ्यास असा केला नाही, स्वतःच्याच रेझ्युमेशी भांडत बसले. पान एकच, पण त्यावरची प्रत्येक ओळ म्हणजे आपणच समोरच्याला पुरवलेला प्रश्न.

वर्गातले बरेच जण नेहमीच्या प्रश्नोत्तरांच्या पीडीएफ घोकतायत. ग्रुपवर रोज एक नवी येऊन पडते. ‘तुमचा कमकुवतपणा कोणता?’ यावर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे ऐकून ऐकून मुलाखत घेणाऱ्यांचे कान किटले असतील. मी त्या बाजूला ठेवल्या आणि ताईला म्हटलं, माझ्या रेझ्युमेवरचं काहीही विचार. तिचा कॉम्प्युटरशी संबंध बिलं भरण्यापुरता.

तिने नेमकी माझी लाडकी ओळ पकडली: ‘ग्रंथालय प्रकल्पात इंडेक्स वापरून शोधाचा वेग वाढवला.’

“इंडेक्स म्हणजे काय गं?”

मी बी-ट्रीपासून, म्हणजे इंडेक्स ज्या रचनेत साठवतात तिथपासून, सुरुवात केली. तिने हात वर करून थांबवलं. “मला कळेल असं सांग.” मग सांगितलं की दहा लाख पुस्तकांच्या नोंदी कशाही पडल्या असतील तर हवी ती सापडेपर्यंत एकेक बघत जावं लागतं. नावांच्या क्रमाने यादी, म्हणजे इंडेक्स, असेल तर मधली बघायची, अर्धी यादी बाद करायची, उरलेल्यातली पुन्हा मधली बघायची. असं केलं की वीसेक तुलनांत काम होतं. हे तिला पटलं. आणि लगेच म्हणाली, “एवढं चांगलंय तर विषय, साल, सगळ्यांनाच का नाही लावलंस?”

हा प्रश्न एकाही पीडीएफमध्ये नव्हता! उत्तर मला माहीत होतं. नवं पुस्तक नोंदवलं की प्रत्येक इंडेक्सही बदलावा लागतो, म्हणजे शोधणं जलद होतं पण नोंद करणं मंदावतं, वर जागाही जाते. लोक लेखकाच्या आणि पुस्तकाच्या नावानेच शोधतात, म्हणून तेवढ्यांनाच लावला. इथे किती सरळ उतरलं! बोलताना मात्र जागेपासून सुरुवात झाली, मग नोंदींवर गेले, मग ‘म्हणजे, म्हणजे’ करत परत मागे. ताई शांतपणे बघत होती. असं बघणारे परवा तिघं असणार.

मानसशास्त्राच्या मैत्रिणीने मागे एक प्रयोग सांगितला होता, तो आज शोधून वाचला. रोडिजर आणि कार्पिक, २००६. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे: त्यांना ८१ टक्के, आठवून लिहिणाऱ्यांना ७५. दोन दिवसांनी घेतली तर उलटं: आठवून लिहिणाऱ्यांना ६८, वाचणाऱ्यांना ५४. दोन दिवसांनी, म्हणजे माझ्या हिशेबाने परवाच. वाचताना सगळं येतंय असं वाटतं ते का, हेही त्यात दिसलं.

म्हणून संध्याकाळी कागद उलटे टाकले आणि फोनवर रेकॉर्ड करत बोलले. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षाच आहे. प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम असा साचा सगळीकडे सांगतात. साचा वाईट नाही, पण माझा अर्धा वेळ प्रसंगातच जात होता: ग्रंथालय कसलं, सर कोण, ग्रुपमध्ये किती जण. ते कुणाला हवंय? आता प्रसंगाला दोन वाक्यं, बाकी वेळ मी काय केलं आणि का केलं याला. परिणामासाठी लॅपटॉप उघडून तोच शोध इंडेक्ससह आणि इंडेक्सशिवाय चालवला, दोन्ही वेळा मोजल्या आणि आकडा रेझ्युमेत घातला.

‘तुम्हाला काही विचारायचंय?’ साठी दोन प्रश्न ठरलेत: नव्या माणसाला पहिल्या तीन महिन्यांत कुठलं काम देता, आणि त्याचा कोड कोण तपासतं. पगाराचं पहिल्या फेरीत काढू नकोस, असं ताईचं म्हणणं. मला ते तितकंसं पटत नाही, पण मी आपणहून काढणार नाही. त्यांनीच विचारलं तर सांगायचा आकडा मात्र लिहून ठेवलाय.

उद्या ताई प्रकल्पाच्या ग्रुपमधल्या भांडणांवर प्रश्न विचारणार आहे. तिला त्यातली बरीच माहीत आहेत, हीच अडचण.