लांडग्यावरून शिकारी एकमेकांत का भांडतात

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांच्या तोंडी एकच विषय असतो, डियर सीझन, म्हणजे हरणांच्या शिकारीचा हंगाम. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊ दिवस चालतो, भडक नारिंगी जॅकेटं घालून अख्खी कुटुंबं उत्तरेकडच्या जंगलात जाऊन बसतात. मी बंदुकीला हात लावत नाही, पण टीममध्ये पक्के शिकारी आहेत आणि लंचला त्यांच्यात बसलं की हरणापेक्षा जास्त चर्चा लांडग्याची होते. भारतात असताना माझी समजूत अशी की शिकारी म्हटला की लांडग्याच्या विरोधात आणि प्राणीप्रेमी म्हटला की बाजूने, विषय संपला. तसं अजिबात नाहीये हो. मी ऐकलेली सगळ्यात कडाक्याची भांडणं शिकाऱ्या-शिकाऱ्यांमधलीच आहेत.

थोडी मागची गोष्ट. या राज्यात 1957 पर्यंत लांडगा मारला की सरकार बक्षीस द्यायचं, आणि 1960 पर्यंत इथला लांडगा संपला होता. शेजारच्या मिनेसोटात मात्र थोडे टिकून होते. 1974 मध्ये केंद्राच्या कायद्याचं संरक्षण मिळालं आणि मग तिकडून ते आपले आपण चालत इकडे आले. आपले आपण, हे मुद्दाम सांगतोय, कारण आजही तुम्हाला छातीठोकपणे सांगणारे भेटतील की वनखात्याने (म्हणजे इथलं डीएनआर) रात्री ट्रकमधून आणून सोडले. यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये 1995-96 ला कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले हे खरं आहे, पण ते इथून दीड हजार किलोमीटर लांब. इथे कुणी काही सोडलं नाही.

तर 1999 च्या राज्याच्या लांडगा प्लॅनमध्ये लांडग्यांच्या संख्येचा ठरवलेला आकडा होता 350. आता लांडगे हजारच्या आसपास आहेत, आणि सगळं घोडं या 350 पाशीच अडतं. एक शिकारी म्हणतो आम्हाला 350 सांगितले होते, आम्ही मान्य केलं, आता शब्द फिरवताय. दुसरा शिकारीच त्याला म्हणतो अरे तो आकडा पंचवीस वर्षांपूर्वीचा अंदाज होता, जंगलात जागा आहे, खायला हरणं आहेत, मग काय बिघडलं? 2023 च्या नव्या प्लॅनमध्ये असा एकच एक आकडा ठेवलाच नाही, त्यामुळे पहिला अजून चिडला.

चिडण्याची कारणं पण एकसारखी नाहीत. आमच्यातला एकजण अस्वलाच्या शिकारीला हाउंड, म्हणजे माग काढणारे कुत्रे घेऊन जातो. कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस कॉलर, याच्या हातात मोबाईलएवढा डबा, त्याच्यावर प्रत्येक कुत्र्याचा एक ठिपका. त्याने मला तो स्क्रीन दाखवून समजावलं होतं, ठिपके पळत असतात, मग एका जागी सगळे थांबले की अस्वल झाडावर चढलंय असं समजायचं. पण कधीकधी एकच ठिपका थांबतो, बाकीचे पुढे जातात. त्या ठिपक्यापाशी पोचायला चिखलातून तास-दीड तास लागतो आणि पोचल्यावर काय दिसतं ते त्याने सांगितलं, मी इथे लिहीत नाही. अशा कुत्र्यामागे राज्य 2,500 डॉलरपर्यंत भरपाई देतं. तो म्हणतो पैशाचं काय करू, पिल्लू असल्यापासून वाढवलेली कुत्री होती ती. त्याचं दुःख मला खरं वाटतं. पण लगेच शेजारी बसलेला धनुष्यबाणवाला शिकारी बोलतो की लांडग्यांच्या पिल्लांच्या काळात, त्यांच्याच हद्दीत, डीएनआरने धोक्याचा नकाशा टाकलेला असताना कुत्री सोडली कुणी? आणि मग जे सुरू होतं ते लंच टाइम संपला तरी संपत नाही.

हरणवाल्यांची तक्रार वेगळी. हरणं कमी झाली, लांडग्यांनी खाल्ली. काही भागात यात तथ्य असेलही, पण उत्तरेत हरणांना सगळ्यात जास्त मारतो तो कडक हिवाळ्यातला बर्फाचा खोल थर, आणि हे जुने शिकारी स्वतःच सांगतात. दक्षिणेत तर लांडगे जवळपास नाहीतच आणि हरणं इतकी आहेत की गाड्यांना धडकतात. 2021 मध्ये एक अभ्यास आला होता की ज्या काउंट्यांमध्ये (म्हणजे इथले जिल्हे) लांडगे आले तिथे हरणांच्या गाडी-धडका सरासरी 24 टक्क्यांनी कमी झाल्या. हे मी एकदा टेबलावर बोललो तर उत्तर आलं, म्हणजे इन्शुरन्सवाल्यांचा फायदा, आमच्या फ्रीजरमधल्या मांसाचं काय? बरोबरच आहे म्हणा.

आता 2021 चा फेब्रुवारी. हा मुद्दा काढल्याशिवाय इथली चर्चा पुढे सरकतच नाही. जानेवारीत केंद्राने संरक्षण काढलं. राज्यात 2012 पासून कायदा आहे की संरक्षण नसेल तेव्हा सीझन घ्यायचाच. डीएनआर म्हणत होतं नोव्हेंबरात नीट तयारी करून घेऊ, पण बाहेरच्या राज्यातली एक शिकारी संघटना कोर्टात गेली आणि घाईघाईने फेब्रुवारीतच सीझन लावावा लागला. कोटा 200, त्यातले 81 इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे जमातींच्या वाट्याचे, उरले 119. ओजिब्वे लोक हरणाची शिकार पिढ्यानपिढ्या करतात, पण लांडगा त्यांच्यात भावासारखा, त्यांनी आपला वाटा वापरलाच नाही. आणि बाकीच्यांनी तीन दिवस पुरे व्हायच्या आत 218 मारले. एकशे एकोणीसच्या जागी दोनशे अठरा! ताज्या बर्फावर माग काढायला कुत्री होती, मारलेल्यांपैकी 86 टक्के कुत्र्यांच्या मदतीने, वर तो लांडग्यांचा मीलनाचा हंगाम, आणि एखादा झोन (शिकारीचा विभाग) बंद करायचा तर 24 तास आधी नोटीस द्यायचा नियम, म्हणजे कोटा संपलाय हे कळूनसुद्धा शिकार चालूच.

लक्षात घ्या, यातला जवळजवळ प्रत्येक लांडगा लायसन्स काढून, टॅग लावून, नियमात मारला गेला. पोचिंग, म्हणजे चोरटी शिकार, नव्हतं ते. म्हणूनच ते आमच्या धनुष्यबाणवाल्याला जास्त लागलं. तो वीसेक वर्षं लोकांना सांगत आला होता की आम्हाला सीझन द्या, आम्ही कोटा पाळतो, शिकारीच खरे संवर्धन करतात (बंदुका आणि काडतुसांवरचा कर 1937 पासून वन्यजीवांच्या कामाला जातो, हे तो दर वेळी सांगतो आणि ते खरंच आहे). आणि आपल्याच लोकांनी तीन दिवसांत त्याला तोंडघशी पाडलं. वर्षभरात, फेब्रुवारी 2022 ला, कॅलिफोर्नियातल्या एका फेडरल जजने संरक्षण परत लावलं आणि सीझन गेला तो गेलाच. हाउंडवाला म्हणतो बघितलंस, म्हणून तर संधी मिळाली तेव्हा मारून घेतले, पुन्हा देणार नव्हतेच. दोघं एकाच घटनेकडे बोट दाखवून बरोबर उलटं बोलतात आणि मला दोघांचं पटतं, हीच पंचाईत आहे.

बेकायदा मारण्यावर मात्र टेबल गप्प होतं. अमेरिकेच्या शिकारीच्या भागात एक म्हण गाड्यांच्या बंपरवर सुद्धा दिसते, गोळी घाला, जमिनीत पुरा आणि तोंड बंद ठेवा. स्वीडनमध्ये संशोधकांनी कॉलर लावलेल्या लांडग्यांवरून हिशोब केला होता, 2012 मध्ये छापून आला, की तिथे मरणाऱ्या लांडग्यांपैकी निम्मे चोरट्या शिकारीत मरतात आणि त्यातले दोन तृतीयांशांहून जास्त कुणाला सापडतच नाहीत. इकडे ओरेगॉनच्या युनियन काउंटीत 2021 मध्ये आठ लांडगे विष घालून मारले, त्यात एक पाच जणांचा अख्खा कळप. विष म्हणजे गरुड, कोल्हे, कुणाचा तरी पाळीव कुत्रा, सगळेच जातात त्यात. याला शिकार म्हणायला आमच्यातला एकही तयार नाही. पण ओळखीच्या माणसाने पुरला असेल तर फोन करून कळवाल का, असं विचारलं की सगळे आपापल्या डब्यात बघायला लागतात. शिवाय सुटायला एक सोपी वाट असतेच, मला कायोटी (लांडग्यासारखाच दिसणारा, पण लहान प्राणी) वाटला. कायोटी इथे वर्षभर मारता येतो आणि संध्याकाळच्या उजेडात तीनशे यार्डांवरून फरक कळला नाही हे खोटं ठरवणार कसं.

नेहमीचा युक्तिवाद असा की कायदेशीर सीझन दिला की चोरटी शिकार आपोआप कमी होईल, लोकांचा राग निघून जाईल. ऐकायला एकदम लॉजिकल वाटतं. पण 2016 मध्ये विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या आकड्यांवरून दोन संशोधकांनी म्हटलं की उलट होतं, सरकारनेच मारायला परवानगी दिली की लांडग्याची किंमत कमी झाली असा निरोप जातो आणि पोचिंग वाढतं. त्यावर इतर संशोधकांनी गणित चुकलंय म्हणून जोरदार आक्षेप घेतले. म्हणजे शास्त्रज्ञांचं टेबलही आमच्या लंच टेबलासारखंच. मला स्वतःला वाटतं या रागाला लांडग्यांच्या संख्येपेक्षा हा लपंडावच जास्त कारणीभूत आहे. सीझन आला, गेला, आला, गेला. 2012, 13, 14 ला सीझन झाले, डिसेंबर 2014 ला कोर्टाने बंद, 2021 ला तीन दिवस, 2022 ला परत बंद. अशाने नियम पाळणाऱ्यालाच येडा बनवल्यासारखं वाटतं.

आणि दुसऱ्या टोकाला वायोमिंग. तिथे राज्याच्या साधारण 85 टक्के भागात लांडगा कधीही, जवळपास कसाही, लायसन्सशिवाय मारता येतो. 2024 मध्ये तिथल्या एका माणसाने स्नोमोबाईलने लांडगा चिरडला, अर्धमेल्या जनावराचं तोंड टेपने बांधून बारमध्ये नेऊन मिरवला, आणि सुरुवातीला त्याला दंड झाला 250 डॉलर, तोही जिवंत वन्यप्राणी जवळ बाळगल्याबद्दल. तो फोटो आला त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यात जास्त भडकलेला माणूस कोण असेल तर हाउंडवाला. म्हणाला असल्या एका माणसामुळे आम्हा सगळ्यांची लायसन्सं जातील.

माझ्या मते सीझन असावा, पण शरद ऋतूत, कुत्र्यांशिवाय, आणि कोटा भरला की त्याच तासाला झोन बंद. हे मी हाउंडवाल्याला सांगितलं. तो हसून म्हणाला, कुत्र्यांशिवाय लांडगा कुणाला मिळणारच नाही. 2021 चे आकडे बघितले तर तो फारसा चुकीचा बोलत नव्हता.