मोहरी वाढली

"अहो, मोहरी वाढलीय."

स्वयंपाकघरातून अशी हाक आली की लग्नानंतर काही वर्षं मी दचकायचो. वाढली म्हणजे संपली, हे कळत नव्हतं असं नाही. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात आईही तेच म्हणायची. भरल्या घरात 'संपलं' म्हणू नये, म्हणून तांदूळ वाढायचे, मीठ वाढायचं, नारळ वाढवायचे. पानात वाढायचं तेही वाढणंच. पण कंपनीत दिवसभर हाच शब्द शिवीसारखा ऐकून मी घरी आलेलो असायचो. महिन्याच्या मीटिंगमध्ये अकाउंट्सचे साहेब चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून विचारायचे, "इन्व्हेंटरी का वाढली?" म्हणजे मालाचा साठा का फुगला, आणि टेबलाभोवतीचे सगळे चेहरे माझ्याकडे वळायचे.

मकरपुऱ्यातल्या एका ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कंपनीत मी ३४ वर्षं मटेरियल प्लॅनिंग केलं. १९८४ साली लागलो, २०१८ साली निवृत्त झालो. हे काम नक्की काय असतं ते नातेवाइकांना शेवटपर्यंत समजलं नाही. "म्हणजे खरेदी?" नाही. "मग स्टोअर?" तेही नाही. शेवटी आईनंच सोक्षमोक्ष लावला. "तो कंपनीच्या वाणसामानाची यादी करतो," असं ती सगळ्यांना सांगायची. नंतर कन्सल्टंट आले, जाड जाड फायली देऊन गेले, पण आईच्या व्याख्येत त्यांना फारशी भर घालता आली नाही.

यादी मात्र लांबलचक. गाभ्यासाठी सिलिकॉन स्टीलचे पत्रे, तेही बरेचसे परदेशातून बोटीनं येणारे, म्हणजे आज ऑर्डर दिली की काही महिने बंदराकडे डोळे लावून बसायचं. कागद गुंडाळलेली तांब्याची तार, प्रेसबोर्ड, बुशिंग, तेल. आणि मग नट, वॉशर, गास्केट, सुती टेप. सुरुवातीला हे सगळं कार्डेक्सच्या खणांत असायचं: प्रत्येक वस्तूचं एक कार्ड, आवक, जावक, शिल्लक. माझ्या शाईचे डाग अजून कुठल्यातरी रद्दीत असतील.

तांबं आणि पत्रा म्हणजे 'ए' वर्ग, सगळ्यात जास्त पैसे अडकवणारा. त्यांच्यासाठी मीटिंग, चहा, बिस्किटं. गास्केट, म्हणजे सांध्यातली फट बुजवणारी चकती-पट्टी, 'सी' वर्ग, किरकोळ. त्याला कोण विचारतो?

१९९६च्या पावसाळ्यात त्यानंच मला विचारलं. एका ट्रान्सफॉर्मरचा गाभा वाइंडिंगसकट भट्टीत सुकून बाहेर आला होता. तो एकदा बाहेर आला की लगेच टाकीत उतरवून झाकण बंद करावं लागतं, कारण वाइंडिंगवरचा कागद हवेतली ओल पापडासारखी ओढून घेतो. झाकणाखाली रबर आणि कॉर्कचं गास्केट लागतं. माझ्या कार्डावर ४० शिल्लक होती. स्टोअरमधला गुजराती मदतनीस रॅकवरून परत आला आणि म्हणाला, "साहेब, माल खूटी गयो." म्हणजे संपला. मी कार्ड दाखवलं. त्यानं एक गास्केट आणून माझ्यासमोर वाकवलं. ते खाकऱ्यासारखं कटकन मोडलं. चाळीसच्या चाळीस वर्षानुवर्षं पडून कडक झाली होती. स्वस्त आहेत, असू देत, म्हणून ती एकदम मागवणारा मीच होतो.

त्या रात्री वडोदरा एक्स्प्रेसनं मुंबई गाठली आणि सकाळी नागदेवी स्ट्रीटवर दुकानं उघडायची वाट बघत उभा राहिलो. दुपारच्या कर्णावती एक्स्प्रेसनं परत निघालो तेव्हा काखेत कॉर्क शीटची गुंडाळी होती. शेजारच्या आजींनी कौतुकानं विचारलं, "चटई कितीला पडली?" कंपनीत पोचेपर्यंत गाभा परत भट्टीत गेला होता. पुढचे कित्येक महिने कारखान्यात कुणी मला नावानं हाक मारली नाही. "चटईवाले आले," एवढंच.

पुढे कॉम्प्युटर आला. एकदा स्क्रीनवर बोल्टची शिल्लक 'उणे ४०' दिसली. वापर आधी नोंदला गेला होता, आवक नंतर. मी घरी येऊन आईला ही गंमत सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे न आणलेल्या तांदळाचा भात खाल्ला?" सॉफ्टवेअरवाल्यांना मी हाच प्रश्न, जरा सभ्य इंग्रजीत, पत्रानं विचारला होता.

निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, तेव्हा मी घरच्या गव्हाकडे वळलो. बडोद्यात अजूनही बऱ्याच घरी उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात. बायको नवा भालिया गहू बघून घेते, निवडते, एरंडेल चोळते आणि पत्र्याच्या कोठीत भरते. मी १९१३ सालचा, हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचा फॉर्म्युला काढला. एका वेळी किती मागवावं ते तो सांगतो. वर्षाचा खप २०० किलो, एका खेपेचा टेम्पो-हमालीचा खर्च १०० रुपये, किलोभर गहू वर्षभर सांभाळण्याचा खर्च ४ रुपये. दोन गुणिले २०० गुणिले १००, भागिले ४, त्याचं वर्गमूळ: बरोबर १०० किलो. म्हणजे वर्षातून दोनदा.

"आणि दुसरे १०० दिवाळीत?" बायकोनं विचारलं. "तेव्हा हा गहू, हा भाव, कोण देणार?" सूत्रात भाव बाराही महिने सारखाच धरलेला असतो, हे मला पाठ होतं. बाजारहाट करणाऱ्या बाईला ते शिकावं लागत नाही, एवढाच फरक. कोठी आपली वैशाखात गळ्यापर्यंत भरली गेली.

मग निदान शिस्त तरी असावी म्हणून मी कोठीच्या झाकणाला एक बिन कार्ड दोऱ्यानं बांधलं. तारीख, आवक, जावक, शिल्लक, सही. पहिले दोन महिने मीच भरलं. परवा उलटून पाहिलं, तर मागच्या बाजूला बायकोच्या अक्षरात इस्त्रीवाल्याचा हिशेब होता: साड्या ६, शर्ट ११, एक चादर यायची बाकी.

मी खिशातलं पेन काढून 'बाकी'समोर सही करणार, तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, जाताच आहात तर मीठही आणा. वाढलंय."