नाशिकहून बोहिन आणि ब्लेड: आल्प्सच्या तळ्यात पोहायचं असेल तर

जुलैत मी, आई आणि माझी लेक अशा तिघी स्लोव्हेनियाला जाऊन आलो, खास तिथल्या बोहिन आणि ब्लेड या दोन तळ्यांसाठी. परत आल्यापासून सोसायटीत, पोहायच्या टँकवर जो भेटेल तो विचारतोय की स्वित्झर्लंड सोडून तिकडे कशाला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्हाला तळं नुसतं बघून फोटो काढून यायचं नव्हतं, त्यात उतरून मनसोक्त पोहायचं होतं, आणि तेही खर्चाला झेपेल असं.

सगळ्यात आधी हे सांगते, बहुतेक लोक ब्लेडला राहतात आणि बोहिन अर्ध्या दिवसात उरकतात. उलटं करा. आम्ही बोहिनला 4 रात्री आणि ब्लेडला 1 रात्र राहिलो आणि तरी बोहिनहून निघताना तिघींचे पाय निघत नव्हते.

मुंबईहून ल्युब्ल्यानाला थेट विमान नाही, आम्ही फ्रँकफर्टला बदललं. ल्युब्ल्यानाच्या बस स्टँडवरून बोहिनची बस मिळते, साधारण दोन तास लागतात, वाटेत ब्लेड लागतंच. नावाच्या स्पेलिंगमध्ये (Bohinj) शेवटी j हे अक्षर आहे पण ते ऐकूच येत नाही, सरळ बोहिन म्हणा, ड्रायव्हरला कळतं. रिब्चेव लाझ या स्टॉपला उतरलं की समोर दगडी पूल, बाजूला जुनं चर्च आणि त्यामागे तळं. तळं 4 किलोमीटरच्या वर लांब आहे, त्रिग्लाव्ह नॅशनल पार्कमध्ये आहे त्यामुळे काठावर हॉटेलांची रांग नाही, डोंगर आणि झाडी थेट पाण्यात उतरलेली.

पाणी इतकं स्वच्छ की गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून पायाची नखं दिसत होती. आम्ही गंगापूर धरणाचं पाणी बघत मोठे झालो, लेकीला तर हे खरंच वाटेना. आई 66 वर्षांची, लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेली, नंतर चाळीस वर्षं पोहली नव्हती. इकडे दोन महिने रोज टँकवर नेलं तिला. पहिल्या दिवशी सकाळी सातला पाण्यावर धुकं होतं आणि काठावर आम्हीच. आई गुडघाभर पाण्यात थांबली, ओंजळीत पाणी घेतलं आणि आंघोळीचा नेहमीचा श्लोक म्हणाली, त्यात गोदावरीचं नाव येतं ना, तिथे आवाज जरा भरून आला तिचा. मग म्हणाली, "गंगेवर कधी अशी एकटीने शांत डुबकी मारता आली नाही गं." (नाशिकला आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) आणि गेली पोहत, काठाकाठाने, सावकाश. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने फुल बाह्यांचा स्विमसूट घातला होता, कोणी वळूनसुद्धा बघत नाही तिकडे, त्यामुळे घरच्या मोठ्या बायकांना न्यायला अजिबात संकोच करू नका.

आता काळजीचं. जुलैत वरचं पाणी 20-22 अंश असतं पण पाय खाली सोडले की एकदम गार लागतं. आत जाताना आधी मानेवर, छातीवर पाणी मारा, पहिली दोन मिनिटं श्वास लागतो तो शांत होऊ द्या, मगच पोहायला लागा. उडी मारू नका. हे तळं 45 मीटर खोल आहे आणि टँकसारखा दोर धरायला नसतो. दुसऱ्या दिवशी लेक हौसेने बरीच आत गेली आणि तिच्या पोटरीत गोळा आला. कमरेला पोहणाऱ्यांचा केशरी तरंगता फुगा (स्विम बॉय) बांधलेला होता म्हणून त्याला धरून पडून राहिली आणि हळूहळू काठाला आली, पण तेवढ्या वेळात माझ्या जिवाचं पाणी झालं. तो फुगा घेतल्याशिवाय जाऊच नका, ऑनलाइन मिळतो. काठाला सगळे गोटे आहेत, रबरी शूज लागतात. दुपारनंतर ढग जमून गडगडायला लागलं की लगेच बाहेर या, तिथल्या सरकारी हवामान खात्याचं आर्सो ॲप सकाळीच बघायचं. इमर्जन्सीला 112.

चालायचं तर तळ्याला पूर्ण फेरी साधारण 12 किलोमीटर, दक्षिणेकडे रस्ता आहे, उत्तरेची वाट झाडीतून जाते आणि शांत आहे, अर्धंच चालायचं असेल तर उत्तर बाजू घ्या आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या उकांत्स गावाहून बसने परत या. गवतातून जाताना फुल पँट घाला आणि रात्री अंगावर गोचीड आहे का नीट बघा, तिथल्या गोचिडीने आजार पसरतात. सावित्सा धबधब्याला 500 च्या वर पायऱ्या आहेत. 78 मीटरवरून पाणी कड्याच्या पोटातूनच बाहेर पडतं, तेच पाणी तळ्यात येतं, तळ्यातून पुढे सावा नदी होऊन बेलग्रेडला डॅन्यूबला मिळतं. गोदावरी जिथे उगम पावते तो ब्रह्मगिरी चढलेल्या माणसाला ते बघताना काय वाटतं हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. आई पायऱ्यांवर थांबत थांबत आली पण आली.

ब्लेडला बेट, त्यावर चर्च, चढायला 99 पायऱ्या, कड्यावर किल्ला, सगळं सुंदर आहे पण गर्दी फार. तळ्याची फेरी 6 किलोमीटरची, सकाळी आठच्या आत करा. पाणी बोहिनपेक्षा उबदार, लहान मुलं असतील तर पोहायला हेच बरं. तिथली प्रसिद्ध क्रीमची पेस्ट्री छान दिसते पण अंडं असतं त्यात.

स्लोव्हेनियासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला 90 युरो फी आणि 30,000 युरो कव्हरचा इन्शुरन्स लागतो, 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, सीझनसाठी लवकर करा. खाऊमध्ये चिवडा, ठेपले, चटण्या चालतात, पण पेढे, तूप असं दुधाचं काही नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे. नळाचं पाणी सरळ प्यायचं. हॉटेलमध्ये गेस्ट कार्डबद्दल नक्की विचारा, बसला सवलत मिळते. आणि टॉवेल माणशी दोन घ्या, आमचे रात्रीतून वाळायचेच नाहीत.