सिग्नल काढायचा तर आधी लेन कमी करा

गावातल्या चौकातला सिग्नल काढून झेब्रा क्रॉसिंग द्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पण गाड्या थांबतील का?" प्रश्न रास्तच आहे, त्याकडे येतोच. पण त्याआधी सिग्नल त्या चौकाचा किती वेळ खातो, हे कागदावर मांडायला हवं. ते मांडल्याशिवाय कुठला सिग्नल काढावा आणि कुठला अजिबात काढू नये, हे कळत नाही.

चार रस्त्यांचा साधा चौक घ्या. सिग्नलचं एक आवर्तन १०० सेकंदांचं. रस्ता १२ मीटर रुंद. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे रस्ता ओलांडायला १० सेकंद. त्याआधी चालायला सुरुवात करण्यासाठी ७ सेकंद हिरवा, शेवटी ३ सेकंद सगळीकडे लाल. असे २० सेकंद सगळी वाहनं उभी. उरलेल्या दोन टप्प्यांच्या प्रत्येक बदलात पिवळा, लाल आणि गाडी हलायला लागणारा वेळ मिळून सुमारे ५ सेकंद जातात, म्हणजे आणखी १०. हातात राहिले ७०. त्यातले ४० मुख्य रस्त्याला आणि ३० आडव्या रस्त्याला. एका लेनमधून सलग हिरवा असेल तर तासाला साधारण १,८०० मोटारी सुटतात. ४० टक्के वेळ मिळाला की ७२० सुटणार. रस्ता ओलांडायला चिटपाखरू नसलं तरी ठरलेल्या वेळेच्या सिग्नलवर हे २० सेकंद जातातच. रात्री अकरा वाजतासुद्धा.

आता झेब्रा. मध्ये बेट आहे, म्हणजे रस्त्याच्या मधोमध पादचाऱ्याला थांबायची जागा, आणि एका बाजूला ३.५ मीटरची एकच लेन आहे. माणूस ती लेन ३ सेकंदांत पार करतो. गाडीचं थांबणं आणि पुन्हा निघणं धरून एका माणसामागे लेन साधारण ७ सेकंद अडते. माणसं आपापल्या वेळी, कशीही येतात असं धरलं, तर तासाला १०० पादचारी असताना लेन ८२ टक्के वेळ मोकळी राहते. ३०० पादचारी असतील तर ५६ टक्के. ६०० झाले की ३१ टक्के. म्हणजे नुसतं पादचाऱ्यांपुरतं पाहिलं तर तासाला साडेचारशे पादचाऱ्यांच्या आसपास झेब्राची सिग्नलच्या ४० टक्क्यांशी बरोबरी होते. माणसं घोळक्याने आली तर झेब्राला थोडा फायदा मिळतो, कारण पाच जण एकाच थांब्यात जातात. एकामागोमाग एक सुटी आली तर गाड्यांना फटच मिळत नाही.

या हिशेबात चौकातल्या आडव्या वाहनांसाठीचं थांबणं धरलेलं नाही. म्हणून एका क्रॉसिंगवर गर्दीच्या तासाला तीनशेच्या वर पादचारी असतील तर सावध व्हावं. रेल्वे स्टेशनचं तोंड, मोठ्या शाळेचं फाटक, बसस्थानकाची बाहेर पडायची वाट, अशा जागी सिग्नलच योग्य. तिथे झेब्रा दिला तर पादचारी खूश आणि गाड्यांची रांग मागच्या चौकापर्यंत.

मधल्या बेटाचं महत्त्वही याच हिशेबात आहे. बेट नसेल आणि दोन्ही दिशा मिळून रस्ता ७ मीटर असेल, तर एका माणसामागे अडण्याचा वेळ ७ वरून १० सेकंदांवर जातो. मग ३०० पादचाऱ्यांना मोकळा वेळ ५६ वरून ४३ टक्क्यांवर घसरतो. ब्रिटनमध्ये तर नियमच आहे की मध्ये बेट असेल तर झेब्राचे दोन भाग ही दोन स्वतंत्र क्रॉसिंगं धरायची. ओलांडण्याच्या दिशेने बेटाची रुंदी निदान १.५ मीटर, जमलं तर २ मीटर ठेवावी. बाबागाडी किंवा व्हीलचेअर त्यापेक्षा कमी जागेत नीट उभी राहत नाही, तिचं टोक लेनमध्ये येतं.

हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे, आणि चांगला झालेला आहे. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या द्राख्तन गावात लावाइप्लाइन नावाचा चौक आहे. दिवसाला सुमारे २२,००० वाहनं. हान्स मॉन्डरमन या वाहतूक अभियंत्याच्या विचारातून तिथले सिग्नल काढून चौकाचं रूपांतर वर्तुळाकार रहदारीच्या मोकळ्या मैदानात केलं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या दक्षिणेला पॉइंटन गाव आहे. तिथल्या फाउंटन प्लेस चौकात दिवसाला २५ हजारांच्या आसपास वाहनं जायची, अवजड ट्रकसुद्धा. बेन हॅमिल्टन-बेली यांच्या रचनेनुसार सिग्नल काढले, येणारे रस्ते एकेका लेनचे केले आणि चौकात दगडी फरसबंदीची दोन वर्तुळं आखली. २०१२ मध्ये ते काम पुरं झालं. इंग्लंडमधल्याच पोर्टिसहेड गावात तर २००९ मध्ये आधी नुसते दिवे बंद करून पाहिले, आणि रांगा कमी झाल्यावर ते कायमचे काढले.

एका लेनचा वर्तुळाकार चौक दिवसाला २० ते २५ हजार वाहनं पेलतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. द्राख्तन आणि पॉइंटन दोन्ही त्यात बसतात. त्याच्या दुप्पट वाहनं असलेल्या चौकात हा उपाय लावायला जाऊ नये.

पॉइंटनची एक गोष्ट मात्र मला पटत नाही. तिथे रस्ता ओलांडायच्या जागा फरसबंदीच्या वेगळ्या रंगाने दाखवल्या, पण त्या कायद्याने झेब्रा नव्हत्या. गाडीवाल्याने सौजन्य म्हणून थांबायचं. डोळ्यांना नीट दिसणाऱ्या, धडधाकट माणसाला ते चालतं. तो गाडीवाल्याच्या नजरेला नजर देतो आणि पाऊल टाकतो. अंध माणसाने काय करायचं? त्याच्यासाठी रस्ता कुठे संपतो आणि फूटपाथ कुठे सुरू होतो, हेच कळेनासं होतं. अशा तक्रारी ब्रिटनभर वाढल्या आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने फूटपाथ-रस्ता एकाच पातळीवर आणणाऱ्या नव्या योजना थांबवायला सांगितलं. खरा झेब्रा दिला असता तर निदान हक्क कायद्याने मिळाला असता. ब्रिटनमध्ये १९५१ पासून झेब्रावर पाऊल ठेवलेल्या माणसासाठी थांबणं सक्तीचं आहे, आणि २०२२ पासून हायवे कोड, म्हणजे तिथली वाहतूक नियमावली, असंही सांगतो की नुसत्या ओलांडायला थांबलेल्या माणसालाही वाट द्यावी. सिग्नल काढताना पादचाऱ्याचा हिरवा दिवा आपण काढून घेत असतो. त्या बदल्यात त्याला तितकाच ठाम हक्क द्यायला हवा, सौजन्यावर सोडू नये.

आता गाड्या थांबण्याचा प्रश्न. गाडी थांबते की नाही, हे चालकाच्या स्वभावापेक्षा वेगावर आणि लेनच्या संख्येवर जास्त ठरतं. ब्रिटिश हायवे कोडच्या तक्त्यानुसार ताशी ३२ किलोमीटरला गाडी थांबायला १२ मीटर लागतात, ४८ किलोमीटरला २३ मीटर. म्हणजे वेग दीडपट झाला की अंतर जवळजवळ दुप्पट. ताशी ५० ने येणाऱ्याला माणूस दिसला तरी थांबायचा त्रास नको म्हणून तो हॉर्न देऊन पुढे जातो. ३० ने येणारा थांबतो, कारण त्याला थांबणं सोपं पडतं.

दोन लेन असतील तर आणखी मोठा धोका. डावीकडची बस थांबते, माणूस बसच्या पुढून निघतो, आणि उजव्या लेनमधला, ज्याला बसमुळे माणूस दिसलेलाच नाही, तो भरधाव येतो. झेब्रावरचे वाईट अपघात असे होतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये १९७१ पासून झेब्राच्या दोन्ही बाजूंना नागमोडी पांढऱ्या रेषा असतात. त्या पट्ट्यात झेब्राच्या दिशेने जाताना ओव्हरटेक करायचं नाही आणि गाडी उभी करायची नाही. आपल्याकडे दुचाकी हीच ती दुसरी लेन असते. ती थांबलेल्या गाडीच्या कडेने सरकते. त्यावर रेषा पुरत नाहीत. झेब्राच्या आधी १५-२० मीटर लेन ३ मीटरवर आणायची, एका बाजूला फूटपाथ पुढे वाढवायचा आणि दुसऱ्या बाजूला बेट. कर्बस्टोनच्या या गळ्यात मोटारीशेजारून दुचाकी घुसायला फारशी जागा उरत नाही.

कामाचा क्रम असा असावा. आधी मोजणी: कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळचे दोन-दोन तास, दर पंधरा मिनिटांनी, वाहनं वळणानुसार आणि पादचारी क्रॉसिंगनुसार वेगळे. मग लेन कमी करणं आणि वर्तुळ आखणं, आधी तात्पुरतं, प्लॅस्टिकचे बोलार्ड (छोटे खांब) आणि पाणी भरलेले बॅरिअर लावून. हे जमल्यावरच सिग्नल बंद करायचा. दिव्यांवर काळी पिशवी घालून ती बांधायची, कारण उघडा, न पेटलेला सिग्नल नादुरुस्त वाटतो आणि चालक गोंधळतात. खांब लगेच उपटू नयेत, दोन-तीन महिने राहू द्यावेत. नुसता पिवळा ब्लिंकर आणि रस्त्यावर चार पट्टे हा मात्र सगळ्यात घातक मधला मार्ग. त्यात ना दिव्याचा धाक ना रचनेची सक्ती.

झेब्रा वर्तुळाच्या अगदी काठावर आखू नये. थांबा-रेषेपासून ५ ते ६ मीटर मागे घ्यावा, म्हणजे मध्ये एक मोटार उभी राहू शकते. आत शिरणारा चालक आधी माणूस बघतो, मग पुढे येऊन वर्तुळातली गाडी बघतो. दोन्ही एकदम बघायला लावलं तर तो गाडीच बघतो. बाहेर पडणारी गाडी झेब्रापाशी थांबली तरी तिची शेपटी वर्तुळात अडकत नाही. याहून फार मागे नेला तर लोक तिथे जात नाहीत, मधूनच ओलांडतात.

पट्टे ५० सेंटिमीटर रुंद, मध्ये तेवढीच फट. ७ मीटर रुंद रस्त्याला ७ पांढरे पट्टे. प्रत्येक ३ मीटर लांब धरला तर एकूण साडेदहा चौरस मीटर. थर्मोप्लास्टिक, म्हणजे वितळवून घालायचा रस्त्याचा रंग, गरम असताना अडीच मिलिमीटर जाडीचं घालायचं, म्हणजे चौरस मीटरला साधारण ५ किलो, एकूण पन्नास-बावन्न किलो. त्यावर गरम असतानाच काचेचे मणी, चौरस मीटरला २५० ग्रॅम, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो. हे मणी वाचवले की रात्री हेडलाइटमध्ये पट्टा दिसतच नाही, आणि बिलात मात्र ते असतात. म्हणून पहिल्याच रात्री गाडीच्या उजेडात पट्टे बघून घ्यावेत. ओल्या किंवा धुळीच्या रस्त्यावर घातलेलं थर्मोप्लास्टिक पापुद्र्यासारखं सुटतं. काँक्रीटवर आधी प्रायमर लागतो, आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या मधली फट काळी रंगवावी लागते, नाहीतर करड्या रस्त्यावर पांढरा पट्टा उठून दिसत नाही. पावसात गुळगुळीत पट्ट्यावर दुचाकी घसरते, त्यामुळे मिश्रणात घसरण रोखणारी खरखरीत खडी मागून घ्यावी.

शक्य असेल तिथे झेब्रा उंच चौथऱ्यावर घ्यावा. उंची साडेसात ते दहा सेंटिमीटर, वरचा सपाट भाग पट्ट्यांइतका, दोन्हीकडचा उतार उंचीच्या १० ते १५ पट लांब. १० सेंटिमीटर उंचीला उतार दीड मीटर दिला की बससुद्धा आदळत नाही. आपल्याकडे हा चौथरा दोन कारणांनी फसतो. एक, उतार न देता डांबराचा नुसता उंचवटा करतात. चालक कचकन ब्रेक मारतो, मागचा येऊन धडकतो. दुसरं, पावसाचं पाणी. चौथरा फूटपाथला भिडवला की चढाच्या बाजूला तळं साचतं आणि पादचारी नेमका तिथून ओलांडायचं टाळतो. कडेने १५ सेंटिमीटरची गटारी सोडून तिच्यावर जाळी टाकावी, किंवा चौथऱ्याखालून पाइप न्यावा. जाळीच्या फटी चाकाच्या दिशेला आडव्या, नाहीतर सायकलचं चाक अडकतं.

फूटपाथची कड झेब्रापाशी रस्त्याच्या पातळीला आणायची, आणि तिथे ठिपक्यांच्या स्पर्शफरश्या पूर्ण रुंदीत बसवायच्या. अंध माणसाला काठीने कळायला हवं की इथे रस्ता सुरू झाला. आपल्याकडे या फरश्या बऱ्याचदा पिवळ्या रंगाची शोभा म्हणून कुठेही वळवतात, थेट विजेच्या डीपीपर्यंत नेतात. तसं झालं तर त्या नसलेल्या बऱ्या.

पादचाऱ्याला झेब्रावर वाट देण्याचं बंधन आपल्याकडच्या २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या विनियमांतही आहे. ते चालकाला आठवण्यासाठी पहिले काही आठवडे वाहतूक पोलीस हवाच, पण चौकाच्या मध्यभागी नको. मध्ये उभा राहून तो हात दाखवू लागला की तोच सिग्नल होतो आणि सगळे त्याच्याकडे बघतात. त्याने झेब्राच्या कडेला, फूटपाथवर उभं राहावं आणि न थांबणाऱ्याला पुढे अडवावं. झेब्राच्या आधीच्या १५ मीटरमध्ये उभी असलेली रिक्षा, हातगाडी किंवा टेम्पो हलवणं हेही त्याचं रोजचं काम. त्यांच्या आडून मूल बाहेर येतं तेव्हा ते चालकाला दिसत नाही.

तीन महिन्यांनी तीच मोजणी त्याच वाराला, त्याच तासांना पुन्हा करावी. रांगेची लांबी आणि चौक पार करायला लागलेला वेळ तर घ्यावाच, पण पादचारी झेब्राच्या काठाला किती सेकंद थांबतो हेही घड्याळ लावून मोजावं. गाड्यांचा वेळ घटला आणि पादचाऱ्याचं थांबणं वाढलं, तर लेन अजून रुंद आहे किंवा वेग अजून जास्त आहे असं समजून गळा आणखी आवळावा. दोनदा आवळूनही फरक पडला नाही, तर त्या चौकाचे दिवे पिशवीतून बाहेर काढून पुन्हा चालू करावेत. खांब त्यासाठीच ठेवायचे असतात.